कॅमेऱ्यासमोरचं हसू

दादा, तुला आणि वहिनीला नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? हे पत्र मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

मी धडधाकट आहे. मागे आमच्या सीमेवरच्या चौकीत माहितीपट काढणारे आले होते. घरची पत्रं वाचताना त्यांनी आमचं चित्रण केलं. माझा चेहरा पडलेला बघून दिग्दर्शक म्हणाले, "जरा हसा की, घरचे बघतील!" मी हसलो.

माझ्या शेजारी खो खो हसणारा दिसेल, तो आमचा आचारी. परवा सुरुंगाच्या स्फोटात गेला बिचारा. त्याची बायको आपल्या मागच्याच गल्लीत राहते. पुढच्या महिन्यात माहितीपट टीव्हीवर दाखवतील, तेव्हा वहिनीला घेऊन तिच्याकडे जाऊन बस. तिने विचारलं तर सांग, त्याला कुणी हसायला सांगितलं नव्हतं. तो लेकीचं पत्र वाचत होता.

तुझा धाकटा