एकदा निवांत बसायचं आहे

सोमवार, २ नोव्हेंबर. सकाळी.

आजपासून रोजनिशी. कारण काम मोठं आहे आणि दिवस कमी.

धाकट्या लेकीचं चित्रप्रदर्शन एकवीस तारखेला. नदीपलीकडे, जुन्या शहरात, धान्याच्या कोठाराची गॅलरी केली आहे तिथे. तिचं एकटीचं पहिलंच. मागच्या वर्षी चौघांचं मिळून होतं. तेव्हा तिच्या चित्रासमोर उभं राहून मी विचारलं होतं, याला किती लिटर रंग लागला. लोक हसले. धाकटीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. उभं आयुष्य रंगाच्या कंपनीत घालवलं, भिंतीचे रंग विकत गावोगाव फिरलो. प्रश्न टेक्निकली बरोबरच होता. जागा चुकली, एवढं मान्य.

मग मेहुणे पुढे सरसावले. मेहुणे म्हणजे हिचे थोरले बंधू, रिटायर्ड प्रोफेसर. 'अवकाश' या विषयावर बोलत सुटले. चित्रात अवकाश, चित्राबाहेर अवकाश. धाकटी त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. ते कौतुक मला वर्षभर टोचतंय.

या वेळी मी बोलणार. त्याआधी जुन्या शहरातल्या सगळ्या गॅलऱ्या, स्टुडिओ, वर्कशॉप पायाखाली घालायचे. नजर तयार करायची. काही अवघड नाही.

दुपारी.

धाकटी आली. म्हणाली, एकच चित्र राहिलंय, तुमचं. प्रदर्शनात सगळी घरची माणसं आहेत. आई भाजी निवडताना, मामा पेपर वाचताना, आत्या फोनवर. बाबा तेवढे राहिलेत. तिच्या खोलीत खिडकीजवळ खुर्ची ठेवली आहे, दोन दुपारी नुसतं बसायचं. मी म्हणालो, अगदी आनंदाने. परवा बसतो.

प्रदर्शन उरकलं की तीस तारखेला ती चालली. दूरच्या शहरात, मोठ्या स्टुडिओत, दोन वर्षांसाठी. म्हणजे जे काय बोलायचं ते एकवीसलाच बोललं पाहिजे.

बुधवार, ४ नोव्हेंबर.

पहिली गॅलरी. वेशीच्या कमानीला लागून, दगडी जिना, तीन दालनं. मी आत गेलो तेव्हा एक जोडपं पहिल्या चित्रासमोर उभं होतं. मी तिन्ही दालनं संपवून बाहेर आलो तरी ते तिथेच. आपला वेग चांगला आहे हे लक्षात आलं.

निरीक्षण: भिंतींना ऑफ-व्हाइट, दोन हात, प्रायमर नीट घासलेला नाही. खिडकीखाली ओल. चित्रंही बरी होती.

घरी आलो तर ऊन उतरलं होतं. धाकटी खुर्चीसमोर स्टूल टाकून बसली होती. म्हणाली, उजेड गेला बाबा, आता उद्या. उजेड काही माझ्या हातात नाही.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर.

आज बसलो. नोंद करून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी बोलायला नको.

बसल्यावर कळलं की बसणं हे किती कठीण काम आहे. पाठ खाजते. दारात कोण आलं ते दिसत नाही. मोरीतला नळ टपटपत होता, आणि ते कोणालाच ऐकू येत नव्हतं. धाकटी म्हणाली, हलू नका. मी म्हणालो, मी कुठे हलतोय, मी फक्त उठतोय. वॉशर आणायला गेलो. वाटेत एक नवीनच गॅलरी दिसली, पूर्वी तिथे तबेला होता म्हणे. आता समोर आलीच आहे तर सोडायची कशी?

परत आलो तेव्हा कागदावर माझा डावा कान झाला होता. कान छान आलाय. वॉशर चुकीच्या मापाचा निघाला.

सोमवार, ९ नोव्हेंबर.

किल्ल्याच्या तटाखालची मोठी गॅलरी. इथे थोडी गडबड झाली, पण चूक माझी नाही.

एक फ्रेम तिरकी लागलेली दिसली. चांगली बोटभर. एवढी तिकिटं लावता आणि खिळा सरळ मारता येत नाही! मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप काढलं, फ्रेमवर धरलं आणि सरळ केली. लगेच कुठेतरी घंटा वाजायला लागली. कोपऱ्यात स्वेटर विणत बसलेल्या रखवालदार बाई सुयांसकट धावत आल्या. फ्रेम मुद्दाम तिरकी आहे म्हणाल्या, तोच त्या चित्राचा मुद्दा आहे. शेजारच्या पाटीवर लिहिलंय, वाचा की. मग मी पाटी वाचायला लागलो, तर कॉलेजातल्या दोन पोरी हसल्या. इथे लोक पाट्याच वाचायला येतात, चित्र कोणी बघतच नाही, असं काहीसं बोलल्या.

ते मात्र पटलं. ठराव: यापुढे पाटी वाचायची नाही. पाटी न वाचता बोलायचं. खरा जाणकार तोच.

धाकटीने दुपारी विचारलं. उद्या नक्की, म्हणालो.

गुरुवार, १२ नोव्हेंबर.

छापखान्याचा स्टुडिओ. अरुंद बोळ, वर लाकडी माळा, लोखंडी चाकाचं जुनं प्रेस. दोरीवर चिमटे लावून माहितीपत्रकं टांगली होती. एक घेतलं, चार घड्या घालून खिशात टाकलं. दाढीवाला आर्टिस्ट माझ्याकडे बघतच राहिला. मग खाली बसला. ते माहितीपत्रक नव्हतं. महिनाभर काम करून काढलेला पहिला प्रिंट होता, वाळत घातलेला. मग तसं लिहून लावायला नको का? पण लिहिलं असतं तरी मी पाटी वाचत नाही, हेही खरं.

त्याला रंगाबद्दल चार गोष्टी सांगितल्या. ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून आम्ही दोरी बांधतो, वगैरे. तो म्हणाला, दोरी होती काका, तुम्ही तिच्याखालून वाकून आलात.

आकाशी शर्टाच्या खिशावर निळीकाळी शाई, तळहाताएवढी. घरी येऊन धाकटीच्या खोलीत शर्ट काढला, कारण तीच खोली जवळ. ती ब्रश धुऊन तयार होती. बसताय? म्हणाली. मी म्हणालो, आलोच, आणि दुसरा शर्ट घालून निघालो. पुलाजवळची गॅलरी गुरुवारी लवकर बंद होते.

शनिवार, १४ नोव्हेंबर.

उत्तम दिवस. आज मी पहिल्यांदा बोललो.

जुन्या टांकसाळीच्या तळघरात एक मोठं प्रदर्शन आहे, अंधाऱ्या खोल्या, एकीतून दुसरी. एक वयस्क जोडपं माझ्या मागेमागे येत होतं. मी थांबलो की थांबायचं, निघालो की निघायचं. हेरलं, यांना जाणकार माणूस हवा आहे. मग मी सुरुवात केली. अवकाश. चित्रातला, चित्राबाहेरचा. आजोबा मान डोलवत होते. आजी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. पाच-सहा खोल्या मी त्यांना हिंडवलं. शेवटी आजोबांनी अगदी नम्रपणे विचारलं, बाहेर पडायचा रस्ता तुम्हाला माहीत असेलच.

मला नव्हता. पण शोधला आम्ही मिळून.

मेहुण्यांची आता खैर नाही.

मंगळवार, १७ नोव्हेंबर.

सकाळी स्वतःहून धाकटीला म्हटलं, आज दुपार तुझी. फक्त तीनपर्यंत मोकळं कर, घंटाघरासमोर एका कुंभारकामाच्या वर्कशॉपचं उद्घाटन आहे. ती म्हणाली, नको बाबा, आता बसायची गरज नाही. चित्र झालं.

मी म्हणालो, न बसता? ती म्हणाली, हो, जमलं.

मनावरचं ओझं उतरलं. कलाकाराला शेवटी समोर माणूस लागतोच असं नाही, आठवणीतून काढता येतं. तो कान तर होताच. बघू म्हटलं, तर म्हणाली, एकवीसला बघा. मुलगी समजूतदार आहे, बापाची धावपळ तिला कळते.

ही रात्री जेवताना बोलली नाही. नळाचंच असणार.

शनिवार, २१ नोव्हेंबर. सकाळी.

तयारी पूर्ण. जुन्या शहरातली एकही गॅलरी शिल्लक नाही. योजना अशी: आत शिरायचं. कुठेही रेंगाळायचं नाही. ज्या चित्रापुढे सगळ्यात जास्त गर्दी, त्याच्यापुढे उभं राहायचं, पाटीकडे बघायचं नाही, आणि मेहुण्यांनी तोंड उघडायच्या आत बोलायचं.

पायात नवे बूट. ही म्हणाली, जरा हळू चाला आज.

रविवार, २२ नोव्हेंबर.

काल काय झालं ते क्रमाने लिहितो. लिहिलं की त्यात विशेष काही नव्हतं हे दिसेल.

गर्दी चांगली होती. आईचं चित्र, मामांचं चित्र, आत्याचं चित्र, सगळं मी चालता चालता बघितलं. माझं कुठे दिसलं नाही. म्हटलं असेल आतल्या खोलीत, मोठं असेल. शेवटच्या भिंतीवर एकच चित्र होतं आणि त्याच्यासमोर लोक गप्प उभे होते. गॅलरीच्या मालकीण बाई, मेहुणे, ही, धाकटी, आणखी पुष्कळ. हीच ती जागा.

चित्रात एक वेताची खुर्ची. रिकामी. खिडकीतून उतरतं ऊन. खुर्चीच्या पाठीवर कसातरी टाकलेला शर्ट, त्याला शाईचा डाग. मागे फिकी हिरवी भिंत आणि दार, अर्धवट उघडं.

मेहुण्यांनी घसा साफ केला. मी त्यांच्या आधी सुरू झालो. आणि खरं सांगतो, शब्द आपोआप येत होते. अवकाश वगैरे काही आठवलंच नाही. त्या चित्राकडे बघून आतूनच आलं. मी म्हणालो,

"या घरातला माणूस बघा. त्याला खुर्ची दिली, चांगला उजेड दिला, कोणीतरी समोर वाट बघत बसलंय. आणि हा शर्ट फेकून पळालाय. दार लावायलासुद्धा थांबला नाही. असल्या माणसाचं चित्र काढणार कसं? आमच्या धाकटीने बरोबर केलं. त्याला वगळूनच टाकलं."

मला वाटलं, जिंकलं. मेहुण्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. ही जमिनीकडे बघत होती. मालकीण बाईंनी माझ्या दंडाला हात लावला आणि पुन्हा काढून घेतला.

मग धाकटी जवळ आली. हळूच म्हणाली, "बाबा, पाटी वाचलीत?"

वाचली. एकच शब्द होता. 'बाबा'.

धाकटीचे कान या वेळी लाल नव्हते. ती माझ्याकडे बघत होती, अगदी मागच्या वर्षी मामांकडे बघत होती तशी, आणि तिचे डोळे भरले होते. म्हणाली, इतकं नीट कोणीच बोललं नाही यावर. थट्टा नव्हती. थट्टा असती तर बरं झालं असतं.

आता माझी बाजू. गर्दीमुळे चित्र पूर्ण दिसत नव्हतं. शर्ट ओळखता आला असता, पण हिने त्याचं फडकं केलंय आणि मी त्याला विसरलो होतो. भिंत मात्र ओळखायला हवी होती. तिसऱ्या नंबरचा फिका पिस्ता, आमच्याच कंपनीचा, धाकटीच्या जन्माच्या वेळी मीच निवडला होता. निवडून मग टूरवर गेलो होतो. आणि खुर्ची? खुर्ची कशी ओळखणार? मी तिच्यावर धड बसलोय कधी?

हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडत नाही.

मंगळवार, २४ नोव्हेंबर.

धाकटीला सांगितलं, आता मी पूर्ण रिकामा आहे. केव्हाही बसव. ती म्हणाली, रंग पेटीत गेले बाबा, ब्रशही गुंडाळले. म्हणालो, पेन्सिलीने काढ, पेन्सिल कुठेही मिळेल, मी आणतो. आणि उठलोच. ती हसायला लागली. माझा हात धरून म्हणाली, नका जाऊ आणायला, नुसते बसा माझ्याजवळ.

बसलो. मग तिला फोन आला, सामानवाल्याचा.

ते चित्र बरोबर नेणार आहे. मालकीण बाई म्हणत होत्या, तीनजणांनी मागितलं. ती म्हणाली, हे द्यायचं नाही.

सोमवार, ३० नोव्हेंबर.

सकाळी गाडीत बसवून दिलं. गाडी सुटेपर्यंत मी फलाटावर एका जागी उभा होतो, ही साक्षीला आहे. धाकटीने खिडकीतून विचारलं, काय बघताय? म्हणालो, तुला. आणखी काही सुचलं नाही. एवढ्या गॅलऱ्या पालथ्या घातल्या, पण सुचलं नाही.

दुपारी तिच्या खोलीत गेलो. खुर्ची तशीच खिडकीजवळ. समोरचं स्टूलही तसंच. बसलो. ऊन बरोबर डाव्या कानावर येत होतं. नळ टपटपत होता, ऐकू येत होता. उठलो नाही. पाठ खाजली, तरी हललो नाही. समोर कोणी नव्हतं, तरी चेहरा नीट धरला होता. बराच वेळ. जमतं की, म्हटलं, एवढं काय कठीण होतं.

तेवढ्यात ही केरसुणी घेऊन आली. म्हणाली, उठा, खालून झाडायचंय.

उठलो.