मुंबईला नकार

मंगळवार, संध्याकाळ. पुनावळे.

आज मुंबईच्या कॉलेजला नकार कळवला आणि राजगुरुनगरच्या कॉलेजला होकार. मला मुंबईच हवी होती. समुद्र, नाटकं, गजबज. राजगुरुनगरला कॉलेज सुटलं की सगळी सामसूम. क्वार्टरमध्ये बसून काय करणार, देव जाणे. पण तिथे मी विभागप्रमुख होणार आणि माझ्या हाताखाली देवधर सर असणार.

चिंचवडच्या कॉलेजात एकत्र असताना याच माणसाने मी उभारलेली प्रयोगशाळा पाहुण्यांना स्वतःची म्हणून दाखवली. मी शेजारीच उभी. वर म्हणाले, "मॅडम, जरा चहाचं बघता का?" आणि मी बघितलं. का बघितलं? तो चहा अजून डोक्यातून जात नाही.

नवरा म्हणाला, "एका माणसापायी मुंबई सोडतेस?"

"हो."

मघाशी सरांचाच फोन आला. आवाज एकदम मऊ. "अभिनंदन, मॅडम. जुनं काही मनात ठेवू नका."

"ठेवलंय, सर. सोमवारी भेटू."

फोन ठेवला आणि कितीतरी वेळ बरं वाटत राहिलं. मग नवऱ्याने विचारलं, "ते रिटायर कधी होतात?"

पुढच्या वर्षी. त्यानंतर ते घरी जातील आणि राजगुरुनगरला मी एकटीच उरेन.

उरू दे. एक वर्ष पुरेल मला.