उसापलीकडचा रेन डान्स

शनिवार, १८ एप्रिल. कासुर्डी.

आज पुन्हा ऐकू आलं. उसापलीकडे आप्पांच्या पर्यटन केंद्रावर रेन डान्सचं गाणं, आणि गाण्याखाली पाण्याचा फवारा. गावच्या विहिरी आटल्या म्हणून उन्हाळाभर रेन डान्स बंद ठेवायचा, हे आम्ही सगळ्या केंद्रवाल्यांनी मिळून ठरवलं. ग्रामसभेत उठून बोललो मात्र मी. आप्पा म्हणाले होते, "तुम्ही पुढं व्हा, आम्ही हाय मागं." मागंच राहिले की!

पुण्याहून आलेली एक ताई म्हणाली, "काका, तिकडे चालू आहे, मग इथे का नाही?" हसून ताक पुढं केलं. पण ताकावर किती दिवस भागवणार? पुढच्या रविवारी एकही बुकिंग नाही.

शेवटी ती मंडळी जेवायला बसल्यावर फवाऱ्याच्या कॉकवर हात ठेवलाच. तेवढ्यात कुंपणापलीकडे हौसाबाईंच्या विहिरीत पोहरा बुडाल्याचा आवाज आला. इतके दिवस नुसता खडकावर घासल्याचा यायचा. त्या सुनेला सांगत होत्या, "बघ, बुडला! शेजारच्या दादांचा फवारा बंद झाल्यापासनं पानी चढलंय."

हात काढून घेतला. उसापलीकडे गाणं चालूच.

माझे कान इतके तिखट नसते तर बरं झालं असतं.