मंगलची तहान

सोमवार, ८ एप्रिल, केज

पुण्याच्या एका दुकानातून न विकलेल्या कपड्यांचे गठ्ठे आमच्या महिला शिवण संस्थेत आले. नवेकोरे ड्रेस, लेबलंही तशीच! ते उसवून चाकाच्या खुर्चीवरच्या बायकांसाठी पुन्हा शिवायचेत. अध्यक्षबाईंचा जीव वरखाली. "चांगली सलवार फाडायची कावून?" मलाही पटेना. इथं टँकरची वाट बघून डोळे दुखतात, आणि आम्ही नवं कापड फाडणार.

पहिलं माप मंगलचं. माझी नणंद. संस्थेत काजं-बटणं तीच करते. ट्रॅक्टरवरून पडल्यापासून पायात जोर नाही, जिभेत मात्र भरपूर.

बुधवार, १०

अध्यक्षबाईंनी सगळ्यांना सुनावलं, "मंगलकडून शिका. दिवसभर पाण्याचा घोट न्हाई. दुष्काळात असं ऱ्हावं." मी कौतुकानं मान डोलावली. मं. खाली मान घालून काजं करत राहिली. एक टोमणा नाही. नवलच.

सलवार दोन्ही बाजूंनी उसवली, बसल्या बसल्या उघडेल अशी चिकटपट्टी, वेल्क्रोची, लावली. बरी झालीय.

शुक्रवार, १२

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

मं.ला ती सलवार घातली. एकटीच खुर्ची ढकलत मागच्या खोलीत गेली, कमोडपाशी. आम्ही दाराला कान लावून, पडते की काय. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती थेट माठाकडे. तांब्याभर प्याली. परत भरला.

म्हटलं, "एवढी तहान लागलीती?"

"रोजच लागती, वहिनी."

"मग पीत कावून न्हाईस?"

"प्यालं की जावं लागतंय. दोन्ही हात टेकून कंबर उचलली, तर सलवार ओढायला हात कुठला? मग दोघींनी मला उचलायचं. रोज रोज कुणाला म्हणू?"

अध्यक्षबाईंनी गठ्ठ्यातली दुसरी सलवार स्वतःच उसवायला घेतली.

सकाळी तिच्या सलवारीची नाडी मी बांधते, संध्याकाळी मीच सोडते. मधला अख्खा दिवस... तिला मुतखडा झाला तेव्हा डॉक्टर ओरडले होते, पाणी पी म्हणून. आम्ही काय म्हणालो? दुष्काळ आहे डॉक्टर, आमची पोर समजूतदार आहे. समजूतदार!

मंगळवार, १६

दिंद्रुडहून एक सून मापाला आली. चाकाच्या खुर्चीवर, विशीतली. सोबत सासू. कंबर, मांडी, गुडघा घेतला. मग विचारलं, "दिवसाचं पाणी किती पितीस गं?"

उत्तर सासूनं दिलं. कौतुकानं. "लई गुणाची हाय. पाणी मागतच न्हाई."

मं.ची सुई थांबली. सून खाली बघत होती, ओठ सुकलेले.

म्हटलं, "मावशी, तुमी जरा बाहेर बसता का?"

"कावून?" सासू म्हणाली, आणि जागची हलली नाही.