आत्याबाईंच्या दारावर रखवालदार

३ मार्च, सोमवार

मी मटार सोलत असताना हे पेपर वाचून दाखवायचे, ते आज आठवलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. स्वयंपाकघरात एकच स्टूल, त्यावर हे. मी खाली फरशीवर. अग्रलेख, बाजारभाव, हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात — सगळं त्याच गंभीर आवाजात. "रंग तपकिरी, डाव्या कानावर काळा ठिपका, आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस." हसण्याच्या नादात माझी टरफलं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात.

तोच आवाज पुढे अंध लोकांसाठी पुस्तकं वाचू लागला. कपड्यांचं मोठं कपाट रिकामं केलं, आतून रजया ठोकल्या, आणि त्यात बसून रोज संध्याकाळी वाचन. कितीतरी वर्षं. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, शब्द गेले. एकच राहिला — "नाही". चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. डोळ्यांवरून ओळखायचं.

म्हणजे तो आवाज आता फक्त आत्याबाईंकडे. आत्याबाई हा दूरच्या देशात भाड्याच्या जागेत ठेवलेला कॉम्प्युटर. नाव ह्यांनीच ठेवलं. म्हणाले होते, "लांब राहते, तोंड दाखवत नाही, पण दिलेलं सगळं जपून ठेवते." पुस्तकं तिथे, ऐकणारे तिथूनच ऐकतात. मी इथून लॅपटॉपवर नुसतं 'आत्या' लिहिलं की आत जाते. ती वाट ह्यांनीच करून ठेवली आहे.

आज ती जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीची मेल आली. अनोळखी लोक आत्याबाईंच्या दारावर सारखे पासवर्ड लावून बघतायत. महिनाअखेरपर्यंत फायरवॉल बसवा, नाहीतर मशीन बंद करू.

सगळं इथे उतरवून घ्यावं म्हटलं तर आमच्या नेटच्या चालीने पुढचा मार्च उजाडेल.

४ मार्च, मंगळवार

कंपनीला फोन केला.

"खातं कुणाच्या नावावर आहे, मॅडम?"

"आमच्या मिस्टरांच्या."

"मग त्यांना द्या फोन. काही प्रश्न विचारू, त्यांनी स्वतः उत्तरं द्यायची."

सांगितलं, ते बोलू शकत नाहीत.

"हरकत नाही. बोलायला लागले की करा."

मुलगी गोड होती. तिच्या हातात काही नव्हतं, तिला रागावून काय करू? पण एवढं कळलं की माझ्या हातून कुलूप चुकीचं बसलं तर ते उघडून देणारं जगात कुणी नाही.

६ मार्च, गुरुवार

नणंदबाई भाजी घेऊन आल्या. फायरवॉल म्हणजे काय ते त्यांना समजावलं. कॉम्प्युटरला शेकडो दारं असतात, प्रत्येकाला नंबर. फायरवॉल हा रखवालदार. सांगितलेली दारं सोडून बाकी सगळी लावून घेतो. भिडस्त नाही, ओळखदेख मानत नाही.

"वहिनी, या वयात चष्मा कुठे ठेवला ते आठवलं तरी देव पावला. आणि तुम्ही रखवालदार नेमणार?"

"नेमते."

"आणि त्याने तुम्हालाच बाहेर ठेवलं तर?"

दुखऱ्या जागी बरोबर बोट ठेवतात. माहेरचा गुण. ह्यांच्यातही आहे.

८ मार्च, शनिवार

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले ऑपरेटरसाहेब, ह्यांचे सगळ्यात जुने श्रोते, त्यांचा फोन. नजर गेल्यापासून ह्यांचं प्रत्येक पुस्तक ऐकतात.

"वहिनी, साहेब आज अडखळत वाचतायत. असे कधी वाचत नाहीत."

दारावरच्या गर्दीमुळे मशीन थकलंय, हे सांगितलं.

"चोरांनाही पुढच्या प्रकरणाची घाई दिसते," म्हणाले. मग, "बंद तर नाही ना पडणार? आमची ही म्हणते, माझं ऐकत नाही पण त्यांचं तासन्‌तास ऐकता. तिला सांगतो, ते मध्येच भाजी आणायला पाठवत नाहीत."

हसले. फोन ठेवल्यावर ह्यांच्याकडे बघितलं नाही.

९ मार्च, रविवार

दिवसभर फायरवॉलबद्दल वाचलं. शाळेत सिस्टर म्हणायच्या, प्रश्न दोनदा वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही. डोळे दुखतायत, पण समजतंय.

१० मार्च, सोमवार

युक्ती सापडली!

गॅसवर दूध ठेवून खाली जावं लागलं तर मी समोरच्या बाईंना सांगून जाते — मला उशीर झाला तर बंद करा. तसंच आत्याबाईंना सांगायचं. आधी हुकूम देऊन ठेवायचा: दहा मिनिटांनी रखवालदाराला घरी पाठव. मग त्याला उभं करायचं. मी नीट आत-बाहेर करू शकले तर तो हुकूम मागे घ्यायचा. बाहेर अडकले, तर दहा मिनिटांनी दार आपोआप उघडेल.

आत्याबाई हुकूम ऐकतात का, ते आधी तपासलं. सांगितलं, पाच मिनिटांनी एक रिकामी फाईल तयार करा. केली! सासरकडची माणसं एवढी आज्ञाधारक मी पहिल्यांदाच पाहिली.

१२ मार्च, बुधवार

दुपारचं जेवण झालं. ह्यांची खुर्ची शेजारी ओढून घेतली. प्रत्येक पायरी मोठ्याने वाचत गेले. ह्यांना बरं वाटावं म्हणून.

"ऐकणाऱ्यांचं दार उघडं ठेवलं. आता माझं. बावीस नंबर."

"नाही."

"सगळीकडे बावीसच असतो. पुस्तकात लिहिलंय."

"नाही. नाही."

"हो हो, करते चहा. एवढं होऊ दे."

दहा मिनिटांचा हुकूम दिला. रखवालदाराला उभं केलं. बटण दाबलं, तेवढ्यात ह्यांचा डावा हात आला आणि लॅपटॉप फाटकन मिटला. माझी बोटं थोडक्यात वाचली.

"अहो! हे काय?"

उघडला, तर चालू असलेली खिडकी मेलेली. नवीन उघडून 'आत्या' लिहिलं. काही नाही. परत लिहिलं. काही नाही. पडद्यावरचा तो चौकोनी ठिपका नुसता लुकलुकत होता.

ह्यांच्यावर चिडले नाही. चिडायला त्राणच नव्हतं. उठून खरंच चहा केला. दोघांनी नुसता समोर ठेवला. घड्याळाकडे बघत होतो, आणि मी मनात म्हणत होते, ज्या आवाजाने मला हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात वाचून दाखवली तो मी माझ्या हाताने कोंडून ठेवला.

वेळ झाली. लिहिलं — 'आत्या'.

आत घेतलं. बाई शब्दाला जागल्या.

मी रडत होते. ह्यांनी माझ्या बाहीला ओढलं आणि डाव्या हाताचं बोट पडद्यावर 'आत्या' या शब्दावर ठेवलं. तिथेच दाबून धरलं. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. हा शब्द ह्यांनी बनवलाय. त्याच्या पोटात काय आहे, ते मी कधी बघितलंच नाही. बघितलं. दार बावीस नंबरचं नव्हतंच. चोरांना चकवायला ह्यांनी कधीच बदललं होतं — भलताच चार आकडी नंबर. चोरांनी तोही हुडकला, मी मात्र नाही.

म्हणजे ते "नाही" चहाचं नव्हतं. गेल्या वर्षभरातलं पहिलं खरंखुरं नाही, आणि मी त्यावर चहा ओतत होते.

१३ मार्च, गुरुवार

आज शिस्तीत. प्रत्येक पायरीला विचारलं, "बरोबर?" ह्यांनी तोंडाने "नाही" म्हणायचं आणि डावा अंगठा वर करायचा. अंगठ्यावर विश्वास ठेवायचा, तोंडावर नाही, असं ठरलं. दोघांनाही हसू आलं.

चार आकडी नंबर, अंगठा वर. ऐकणाऱ्यांचं दार, वर. दहा मिनिटांचा हुकूम, वर. रखवालदार उभा. लॅपटॉपवर ह्यांचा हात होता, पण मिटायला नाही.

जुनी खिडकी तशीच उघडी ठेवून नव्या खिडकीत लिहिलं — 'आत्या'.

उघडलं!

मग पासवर्ड कुणाचाच चालणार नाही, फक्त आपल्या लॅपटॉपमध्ये ठेवलेली किल्ली चालेल, अशी दाराला सवय लावली. तेही तपासलं. शेवटी हुकूम मागे घेतला. दहा मिनिटं गेली, तरी रखवालदार जागेवर. दारावरच्या धडका एकेक करून बंद होताना पडद्यावर दिसत होत्या. सुट्टी संपून पाहुणे परत गेल्यावर घर शांत होतं, तसं.

जिंकलो. मी आणि एक अंगठा.

१४ मार्च, शुक्रवार

कंपनीची मेल: धन्यवाद, सगळं ठीक दिसतंय. दोन ओळींची. चौकट करून लावावी असं वाटलं.

ऑपरेटरसाहेबांचा फोन. "साहेबांचा आवाज धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ येतोय." ह्यांच्या कानाला फोन लावला. तिकडून काय म्हणाले कोण जाणे, ह्यांचे डोळे भरले.

संध्याकाळी नणंदबाई. सगळं ऐकून घेतलं, गोड हसून मान डोलावली — म्हणजे काही तरी मागणार.

"वहिनी, रिकाम्या असाल तर माझ्या मोबाइलचंही बघा. सारखा काहीतरी मागत असतो."

"रिकामी नाही. पण बघते."

"दादा, बायको फार पुढे गेली तुझी."

"नाही," हे म्हणाले. अंगठा वर.

१७ मार्च, सोमवार

जिना ह्यांना जमत नाही. महिनाअखेर तळमजल्यावरच्या लहान घरात जायचं ठरलं, म्हणून वाचायचं कपाट आवरायला घेतलं. एकेक वस्तू ह्यांच्यासमोर धरून विचारलं.

रजया नणंदबाईंना. हेडफोन ऑपरेटरसाहेबांना. वाचून झालेली पुस्तकं वाचनालयाला. टेबलावरचा दिवा समोरच्या बाईंना. सगळ्याला अंगठा वर.

मायक्रोफोन धरला. भाच्याला? अंगठा खाली. वाचनालयाला? खाली. मग कुणाला देऊ, अहो?

"तू," म्हणाले.

मायक्रोफोन मला. रजया नणंदबाईंना द्यायच्या नाहीत. लागतील.