उघड्या बरगड्यांचं स्थळ

आंधळगाव,
२५ ऑक्टोबर २०२५

चि. मनिष यास गोदावरी आत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तुहा फोन बंद, म्हणून कागद काढला. भाऊबीजेले तुहा बाप आला, तू काहून नाही?

खबर अशी, तुह्यासाठी स्थळ आलं! अनोळखी नंबरावरून तुहा फोटो आला. खाली हिंदीत, लडके की असलियत जान लो. मुलीकडची चौकशी, दुसरं काय? पण अंगात बनियनही नाही! होणाऱ्या सासऱ्याले कोणी बरगड्या दाखवते का?

मी सांभाळून घेतलं. पोरगं निर्व्यसनी, जरासं बारीक, असं लिहिलं. धान किती एकर, मुलीले हातमाग चालवता येते का, विचारलं. आपल्याकडे स्थळं दिवाळीनंतरच्या जत्रेत, मंडईतच पाहतात, तवा मंडईले या, असं बोलावणंही धाडलं. त्यानं लिहिलं, आंटी समझो. मी म्हटलं, समजदारच मुलगी पाहिजे. तर मेल्यानं मले ब्लॉक केलं! इतका तुसडा सासरा नकोच.

जेवत जा. आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

गोदावरी

साकोली,
२९ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास मनिषचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, ते स्थळ नव्हतं. मले पोरी नाही, पोरं आवडतात. आमच्यासारख्यांचं एक ॲप असते. तिथं तो गोड बोलला, मी जीव लावला. व्हिडिओ कॉलवर शर्ट काढला, ते त्यानं रेकॉर्ड केलं. पैसे दे, नाहीतर घरच्यांले पाठवतो म्हणाला. दिले, तरी थांबला नाही. मी घाबरून फोनातलं सगळं पुसलं.

कामावर जात नाही. झोप नाही. कडी वाजली की घाम फुटते. कधी वाटते, आपण नसलो तर सगळ्यांचीच सुटका. तू त्याले मंडईचं बोलावणं दिलं हे वाचून खूप दिवसांनी हसलो, मग लय रडलो.

बाबांले सांगू नको. लोभ असावा, असं लिहायची हिंमत नाही.

मनिष

आंधळगाव,
१ नोव्हेंबर २०२५

चि. मनिष यास आशीर्वाद, तेच, जुनेच.

हे पत्र टपालानं नाही, शेजारच्या सोमाजीच्या हाती मोटरसायकलवर धाडते. मी येईपर्यंत तो तुह्याजवळ बसेल. तुहं पोट बिघडलं एवढंच त्याले सांगितलं, तवा तो तुले काही खाऊ देणार नाही. मी मागच्या बसनं डबा घेऊन येऊन राहिली.

मले सारंच समजलं असं नाही. येऊन विचारीन, तू सांगजो. पण ते सुटकेचं वाक्य पुन्हा लिहिलं तर कान उपटून हातात देईन. झोप नाही, घाम फुटते, हे दुखणं आहे बाबू. आधी डॉक्टर, मग दोघं पोलीस ठाण्यात. त्या मेल्याचा नंबर, त्यानं धाडलेला फोटो, लिहिलेलं, सारं माह्या फोनात जसंच्या तसं आहे. मले पुसता कुठं येते?

तुह्या बापाले, तुलारामदादाले, मी सांगणार नाही. तुले वाटेल तवा तूच सांग.

मंडईले मात्र जाऊ. पोरी दाखवणं बंद. कोणी चांगला दिसला तर मले कोपरानं ढोसजो. पण जेवताना कसा वागते, हे आधी मी पाहीन.

लोभ मागावा लागते का रे, येड्या?

आणि दार उघडताना शर्ट घालजो. बरगड्या पाहून झाल्या.

तुही आत्या