काचेच्या पेटीची कडी

मी, वय एकाहत्तर, व्यवसाय रॉक बँडमध्ये गाणे, उद्या सकाळी हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाण्याआधी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसं डॉक्टरांनी लिहून दिलंय. दडपण कोणाचंच नाही. घाई मात्र आहे, कारण रविवारी बँडचा कार्यक्रम आहे आणि मी खाटेवर असेन.

१. राहतं घर मुलीला. जिन्याखालची तालमीची खोली भाड्याने देऊ नये. शेजारी कुरकुरतील, कुरकुरू द्यावं.

२. बँकेतली शिल्लक मुलगी आणि माझी बहीण यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. बहीण नको नको म्हणेल. तरी तिच्या गळ्यात मारावी.

३. पिसांचा झगा, उंच टाचांचे बूट आणि शिंगांचा मुकुट आमच्या ड्रमवाल्याला. "काका, यात तुम्ही भिजलेल्या कोंबड्यासारखे दिसता," असं तो दर कार्यक्रमाला म्हणतो. आता त्याने घालून दाखवावं.

४. काचेची पेटी मुलीला. बँडच्या शेवटच्या गाण्यात मुलगी आत शिरते, मी बाहेरून कडी लावतो, आत धूर भरतो. ती काचेवर मुठी आपटते, किंचाळते, कोसळते. कडी काढली की उठून शेवटचं कडवं गाते. लोक वेडे होतात. पण पेटीची कडी कोणी सांभाळायची, याची वाटणी मी वेगळी करतो आहे.

५. खरंच गुदमरलं तर तिने उघडा तळवा काचेला लावायचा, अशी आमची खूण. मागच्या कार्यक्रमात रंगात येऊन तिने उगाचच तळवा लावला. मी कडीला हात घातला तर आतून डोळे वटारले! नंतर म्हणाली, "बाबा, अजून थोडं ताणायचं होतं." म्हणजे खूण कामातून गेली. आता खरं कुठलं आणि नाटक कुठलं, मलाही कळत नाही. कडीवरचा हात घामाने घसरतो. आयोजक म्हणतात, घड्याळ जोडू, वेळ झाली की आपोआप उघडेल. घड्याळाला माझ्या लेकीचं काय पडलंय?

६. म्हणून कडी माझ्या धाकट्या भावाला, आमच्या जुन्या गिटारवाल्याला. आमचं बोलणं बंद आहे, हे जगजाहीर आहे. पूर्वी पेटीत मी असायचो. एकदा ऐन रंगात याने गिटार टाकून कडी काढली. मी ठणठणीत! सगळं मैदान खो खो हसलं.
"माझी पार शोभा केलीस," मी ओरडलो.
"दादा, मला वाटलं तू गेलास," तो म्हणाला, आणि बँड सोडून गेला.
त्याचं चुकलंच, मी आजही म्हणतो. पण भरल्या मैदानात हसं झालं तरी कडी काढेल, असा माणूस मला दुसरा दिसत नाही.

७. बाकी कलमं माझ्या पश्चात. सहावं मात्र मी जगलो तरी आजपासून लागू.

सही करण्याआधी भावाला बोलावून हे वाचून दाखवलं. तो खाटेशी उभाच राहिला.
"आणि पोरगी ठणठणीत असताना काढली तर?"
"तर ती जन्मभर तुझ्याशी बोलणार नाही."
"चालेल," तो म्हणाला. "मला सवय आहे."

त्याने पत्करलं, म्हणून सही करतो.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळणार नाही:
१. वॉर्डातल्या सिस्टर (सही)
२. शेजारच्या खाटेवरचे शिंपी (सही)

स्थळ: इस्पितळ, दुसरा मजला
दिनांक: १७ मार्च, शुक्रवार